डावा खांब, उजवा खांब

जगदाळेकाकांनी माझं नाव तिसऱ्यांदा परीक्षेला दिलं नसतं, तर त्या पोरीकडे मी इतकं निरखून पाहिलंच नसतं. परदेशातल्या या गावात मुलींच्या आइस हॉकीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू आहे. काका मैदानाचा बर्फ सपाट करणारी गाडी चालवतात, आणि मी गोलपाशी साचलेला बर्फाचा चुरा फावड्यानं ओढते. गाडी चालवायची तर लेखी परीक्षा द्यावी लागते. मी नववीत शाळा सोडलेली. दोनदा नापास झाले.

ती पोर एका छोट्या देशाची गोलकीपर. सात गोल खाल्ले तिनं. प्रत्येक गोलनंतर ती काठी गोलच्या डाव्या खांबावर आपटायची, मग उजव्या, आणि पुन्हा वाकून उभी राहायची. आपलं घर अजून जागेवर आहे ना, हे चाचपून बघावं तशी.

मध्यंतरात काका गाडीतून गरम पाणी सोडत आले. बर्फावरचे ओरखडे गरम पाण्यानंच बुजतात, हे मला इथे कळलं. गावाकडे अंगण सारवलं की पोपडे असेच दिसेनासे व्हायचे.

"काका, सोमवारी परत नापास झाले तर?"

"तर चौथ्यांदा नाव देईन. फावडं उचल, गाडीच्या आड येतेयस!"

शाळा सुटल्यापासून 'परत बस' असं मला कुणी म्हटलंच नव्हतं.

खेळ सुरू झाला आणि आठवा गोल झाला. डावा खांब, उजवा खांब.

बसणार मी सोमवारी. व्हायचं ते होऊ दे. आणि कधी ना कधी पास झाले, की एक अख्खी मॅच काकांनी पहिल्या रांगेत बसून चहा प्यायचा. बर्फ मी सारवीन.