डिस्पॅचच्या खिडकीतला हिरवा टीव्ही

आमच्या चाकणच्या कंपनीत कुठलीही गोष्ट सुधारायची ठरली की आधी टीव्ही येतो. क्वालिटी सुधारायची, टीव्ही. सेफ्टी सुधारायची, टीव्ही. कारखान्यातले निम्मे पंखे बंद असतात, पण टीव्ही बंद पडलेला मी कधी पाहिला नाही. त्यामुळे डिस्पॅचची सिस्टिम रडतखडत चालते अशी बोंब वाढली, तेव्हा आता तिथेही एक टीव्ही लागणार हे मी ओळखलं होतं.

मी या कंपनीत जावाचे, म्हणजे जावा या संगणकी भाषेतले प्रोग्राम चालवणारे, सर्व्हर सांभाळतो. एकावर हजेरी चालते, दुसऱ्यावर कॅन्टीन, तिसऱ्यावर ट्रेनिंग आणि चौथ्यावर डिस्पॅच, म्हणजे मालाची रवानगी. गाडीत माल भरला की डिस्पॅचच्या खिडकीतल्या मॅडम चलन काढून देतात, आणि ते चलन दाखवल्याशिवाय गेटवरचा वॉचमन गाडी सोडत नाही. चलनाचं बटण दाबलं की पडद्यावर चक्र फिरत बसायचं. बाहेर गाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत जायची आणि ड्रायव्हर खिडकीत डोकं घालून मॅडमवर खेकसायचे. सर्व्हर त्यांना दिसत नव्हता, मॅडम दिसत होत्या.

मॅडम ठेकेदारामार्फत लागलेल्या. माहेर-सासर दोन्ही लातूरकडचं, बिऱ्हाड भोसरीत, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. नवरा तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये, जिथे एक महिना काम असतं आणि दुसऱ्या महिन्यात नसतं. घर चालायचं ते या खिडकीवर. आणि महिनाअखेरीस मॅडमना ठेवायचं की बदलून दुसरी बाई मागवायची, हे आमच्या साहेबांच्या हातात होतं.

साहेबांनी हिंजवडीच्या एका कंपनीकडून तज्ज्ञ मागवला. तो मारुंजीहून यायचा आणि आल्या आल्या ट्रॅफिकची कथा अशी सांगायचा, की जणू चाकणला येऊन त्याने आमच्यावर उपकार केलेत. त्याने एक एजंट आणला होता. एजंट म्हणजे माणूस नव्हे. जावाचा सर्व्हर सुरू होताना त्याच्या पोटात शिरून बसणारा एक लहानसा प्रोग्राम. कुठलं काम किती वेळ घेतंय, कुठे अडतंय, हे तो आतून बाहेर कळवत राहतो. वस्तू चांगली आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. सर्व्हरच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये एक ओळ वाढवायची, त्या ओळीत सर्व्हरचं नाव घालायचं आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा. एवढ्याशा कामाला साहेबांनी ‘इंटिग्रेशन’ म्हटलं, नारळ फोडला आणि पेढे वाटले. त्या फाइलींना मात्र मी हात लावायचा नाही, असं करारातच होतं.

दुसऱ्या दिवशी खिडकीच्या आत, ड्रायव्हरांनाही दिसेल असा, टीव्ही लागला. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘डिस्पॅच’ आणि खाली हिरवागार आलेख. टीव्हीच्या म्हणण्याप्रमाणे चलन डोळ्याचं पातं लवायच्या आत निघत होतं. टीव्हीखाली मॅडमच्या पडद्यावर चक्र फिरतच होतं.

साहेब खूश. टीव्हीसमोर उभं राहून त्यांनी मला समजावलं, “बघा राव, सिस्टिम एकदम फास्ट आहे. डेटा खोटं बोलत नाही. स्लो आहे ते माणूस.” मग मॅडमकडे वळून, “हात जरा भराभर चालवा.” मॅडम त्या वेळी बटण दाबून, दोन्ही हात मांडीवर ठेवून चलनाची वाट बघत होत्या.

इथवरही मी समजू शकलो असतो. साहेब लोकांना पडदा खरा वाटतो आणि माणूस खोटा वाटतो, हे मी नोकरीभर पाहत आलोय. पण पुढे त्यांनी जो शोध लावला, त्याला तोड नव्हती. त्यांच्या लक्षात आलं की जेवणाच्या सुट्टीत आलेख सगळ्यात हिरवा होतो आणि डिस्पॅचचं काम धो धो चालतं. आता जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद असते. मॅडम आत डबा उघडून बसलेल्या असतात. एक चलन निघत नाही. कुणाही शहाण्या माणसाला यात काहीतरी गडबड दिसली असती. साहेबांना वेगळंच दिसलं. मीटिंगमध्ये ते म्हणाले, “त्या जागेवर नसतात, तेव्हा सिस्टिम सगळ्यात चांगली चालते. याचा अर्थ काय?”

अर्थ त्यांनीच लावला आणि ठेकेदाराला फोन करून सांगितलं, की महिनाअखेरीस दुसरी बाई पाठव. मीटिंगमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. तज्ज्ञानेही डोलावली. त्याची मान आल्या दिवसापासून डोलतच होती.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या रडल्या नाहीत, चिडल्या. मला म्हणाल्या, “मी जेवायला गेले की मशीन पळायलंय म्हणं. मग मी जेवतच बसते की दिवसभर. पगार चालू ठेवा म्हणावं.” आणि आवाज खाली आणून, “पोरीच्या शाळेचं काय सांगू घरी?”

मला तेव्हा साहेबांचा इतका राग आला की मी चहा अर्धा टाकून उठलो. जेवणाच्या सुट्टीत आमच्या कंपनीत एकच गोष्ट धो धो चालते. ती म्हणजे कॅन्टीनच्या दारावर कार्ड टेकवणं. सगळी शिफ्ट एकदम येते, कार्ड टेकवते, हिरवा दिवा, पुढचा. क्षणाचं काम. मी तज्ज्ञाला विचारलं, “चारही सर्व्हरना नावं वेगवेगळी दिलीत ना?”

तो म्हणाला, “आमचं टेम्प्लेट आहे सर. सगळीकडे चालतं.”

“नाव बदललंत का, एवढंच विचारतोय.”

“बॅकग्राउंड लोडही असू शकतो सर,” असं म्हणून तो लॅपटॉपमध्ये घुसला. न कळणाऱ्या गोष्टीला इंग्रजी नाव दिलं की ती कळल्यासारखी होते, या विश्वासावर हिंजवडीतल्या कितीतरी इमारती उभ्या आहेत.

फाइलींना हात लावायला मला मनाई होती. पण सर्व्हर बंद-चालू करणं माझंच काम. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांना आणि तज्ज्ञाला खिडकीपाशी बोलावलं आणि त्यांच्यासमोर डिस्पॅचचा सर्व्हर बंद केला. मॅडमना बटण दाबायला सांगितलं. पडद्यावर ‘संपर्क होत नाही’ असं आलं. सर्व्हर मेला होता, आणि डोक्यावरचा टीव्ही सांगत होता की डिस्पॅच वाऱ्यासारखं धावतंय. वाट पाहिली. आलेख आणखी हिरवा झाला. तिकडे कॅन्टीनमध्ये लोक कार्डं टेकवत होते.

साहेब टीव्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “अजून चालतंय की.”

“बंद आहे साहेब,” मी म्हटलं.

तज्ज्ञाने फाइली उघडल्या. चारही सर्व्हरना त्याने एकच ओळ चिकटवली होती, आणि चौघांचंही नाव ‘डिस्पॅच’, त्यामुळे चौघांचे आकडे एकाच आलेखात मिसळत होते. हजारो कार्डांच्या गर्दीत मॅडमची रखडलेली चलनं सरासरीत बुडून गेली होती. नावं बदलायला चहा पिण्याइतकाही वेळ लागला नाही. सर्व्हर पुन्हा चालू झाले, आणि सुट्टी संपून पहिली गाडी लागली तसा टीव्ही लालभडक झाला. एजंटने दुखणंही दाखवलं. एक चलन काढायला सिस्टिम जुन्या सगळ्या चलनांचा ढीग उपसत होती.

साहेबांनी ठेकेदाराला फोन केला. “दुसरी नको. हीच राहू दे सध्या.” सध्या. मॅडम समोरच बसल्या होत्या, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. तज्ज्ञाने काम यशस्वी झाल्याचा मेल टाकला आणि ट्रॅफिक लागायच्या आत निघून गेला. सिस्टिमची दुरुस्ती पुढच्या मीटिंगवर गेली, ती अजून तिथेच आहे.

एक फरक मात्र पडला. ड्रायव्हरांना आता टीव्ही लाल दिसायचा. खेडकडचा एक म्हातारा ड्रायव्हर, जो पूर्वी सगळ्यात जास्त ओरडायचा, खिडकीतून वर बघून म्हणाला, “लाल हाय व्हय ताई? मग च्या पिऊन येतो. तुमी तरी काय करनार.” मॅडमनी मान हलवली आणि कितीतरी दिवसांनी निवांत पाणी प्यायल्या.

मग एका सकाळी कस्टमरचे लोक प्लांट बघायला येणार होते. साहेब घाईघाईने खिडकीपाशी आले आणि टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाले, “हे लाल लाल बरं दिसत नाही. बंद करा तो.”

रिमोट मॅडमच्या टेबलावर होता. त्यांनी तो उचलला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि कुलूप लावलं.

“राहू द्या साहेब,” त्या म्हणाल्या. “हिरवा होता तेव्हा माझी भाकरी काढून घ्यायलाच निघाला व्हतात की तुमी.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बाहेर गाडी लागली होती. मॅडमनी चलनाचं बटण दाबलं, आणि चक्र फिरत राहिलं.