लाल कोणती, हिरवी कोणती

मैत्रिणींनो, माझा मुलगा प्रोग्रामर आहे. लॉकडाऊनपासून घरीच, विकल्याविना पडलेल्या कापसाजवळ बसून काम करतो.

ऑफिसचं सॉफ्टवेअर जुनी आणि नवी फाइल शेजारी-शेजारी दाखवतं. काढलेल्या ओळी लाल, नव्या हिरव्या. त्याला हे दोन्ही रंग सारखेच दिसतात, म्हणून मी जवळ बसते.

"आई, ही कोणती?"

"लाल. लहानपणी पिकल्या मिरच्या आणाले पाठवलं, त तू हिरव्याच आणल्या."

निळा-पिवळा रंग दाखवणारं फुकटातलं सॉफ्टवेअर त्यानं शोधलं आणि ते वापरायची परवानगी ऑफिसकडे मागितली. देवाजवळ दिवा लावून आम्ही उत्तराची वाट पाहिली. आज ऑफिसचं उत्तर आलं: आमचंच वापरा, आणि सोमवारपासून पुण्याला ऑफिसात या.

"डोळ्याचं सांगून दे न त्याईले."

"सांगितलं त काढून टाकतीन, आई."

आता बॅग भरतोय. तिथं त्याच्याजवळ कोण बसणार?