पहिला कौल

मुलांनी घरी नाणं उडवलंच नाही, बसल्याबसल्या मनानंच लिहून आणलं, हे मला वही उघडताच कळायचं. छापा, काटा, छापा, काटा, मध्येच दोन छापे, पुन्हा काटा. फारच शहाणी नाणी. खरं नाणं इतकं शहाणं नसतं. ते कधीकधी ओळीनं छापाच दाखवत राहतं आणि उडवणाऱ्याला घाम फोडतं. काही मुलं उडवायची, पण असं झालं की घाबरून तेवढे छापे वगळायची. अंधेरीच्या कॉलेजात प्रॉबॅबिलिटी शिकवायला लागले तेव्हा मी जेमतेम पंचविशीची होते आणि जीभ तिखट होती. वही टेबलावर आपटायचे आणि म्हणायचे, "आलं ते लिहायचं. आवडलं नाही म्हणून पुन्हा उडवायचं नाही. हे काय दुकान आहे, बदलून घ्यायला?"

घरी येऊन ही वटवट मी धाकट्या भावाला ऐकवायचे. स्टेशनच्या पूर्वेला दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो, आई, मी आणि तो. वडील आम्ही लहान असतानाच गेले होते. भाऊ आरे कॉलनीत दुधाच्या तपासणीला होता. क्रेटच्या थप्पीतून एक बाटली काढायची, तिची परीक्षा करायची आणि तिच्यावरून सगळ्या थप्पीचं ठरवायचं, हे त्याचं काम. एकदा मी विचारलं, "कुठली बाटली काढतोस रे?"

"वरची. हाताला येते ती."

मी कपाळावर हात मारला. हाताला येते ती बाटली सगळ्यांच्या वतीनं कशी बोलणार? मी त्याला आमच्या विषयातलं आकड्यांचं कोष्टक दिलं. त्यात आकडे कसल्याच क्रमानं येत नाहीत. डोळे मिटून बोट ठेवायचं, आकडा येईल त्या नंबरची बाटली काढायची. दुसऱ्या दिवशी घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्याची तक्रार सुरू झाली. "ताई, तुझ्या कोष्टकानं सगळ्या तळातल्याच बाटल्या उपसायला लावल्या. पाठ गेली कामातून." पण त्यानं ते सोडलं नाही. पुढे त्याच्या साहेबांनी सगळ्यांनाच ती पद्धत लावली, तेव्हा स्वारी आठ दिवस जमिनीवर नव्हती.

मग त्याला खोकला लागला. आधी आम्ही थंड दुधावर खापर फोडलं. मग ताप येऊ लागला, अंगावरचे शर्ट ढगळ झाले आणि डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून क्षय सांगितला. इंजेक्शनं झाली. एक फुप्फुस सुधारलं, दुसरं हटून बसलं. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन करावं. जास्त माणसं बरी होऊन घरी जातात, थोडी जात नाहीत. नाही केलं तर किती दिवस असं चालेल, सांगता येत नाही.

भाऊ खाटेवर उशीला टेकून बसला होता. मला म्हणाला, "तू मास्तरीण ना? मग सांग, मी जास्तांत की थोड्यांत?"

"ते कोणालाच सांगता येत नाही रे. हे गणित गर्दीचं असतं. एकट्याचं नसतं."

"पण ऑपरेशन माझ्या एकट्याचं आहे ना."

मी त्याची उशी सारखी केली आणि म्हटलं की मी तुझ्या जागी असते तर केलं असतं. ते खरं होतं, आजही मला तसंच वाटतं. तो हसला आणि म्हणाला, "आईला विचारू. ती हो म्हणाली तर मी जातो. मला ठरवायचा कंटाळा आलाय."

आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "देवाक इचारतंय."

आमच्या गावी, कोकणात, कुठलंही मोठं काम कौल लावल्याशिवाय करत नाहीत. देवाच्या अंगावर भिजवलेल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालून, म्हणजे प्रश्न देवापुढे मांडून, वाट बघत बसायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नको. गावात हे गुरव करतो. अंधेरीत गुरव कुठून आणणार? आई स्वतःच लावायची, वडिलांनी गावाहून आणलेल्या देवाच्या पाषाणावर. लहानपणी भाऊ आणि मी तिच्या पाठीमागे बसून कुठली पाकळी पडेल यावर चिंचा लावायचो. बहुतेक वेळा तोच जिंकायचा आणि सगळ्या चिंचा एकटा खायचा.

त्या सकाळी आई आंघोळ करून आतल्या खोलीत गेली. दार लोटलेलं होतं. तो आणि मी बाहेर बसलो होतो. "किती चिंचा लावतेस?" त्यानं हळूच विचारलं. मी त्याला गप्प केलं. आईला बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा तिच्या हाताला ओल्या पाकळ्या चिकटल्या होत्या. म्हणाली, "उजवो दिल्यान. भियां नको."

डॉक्टर, देव आणि माझं गणित, तिघंही हो म्हणाले. तो ऑपरेशनला गेला आणि परत आला नाही.

दिवसकार्य झालं. मी कॉलेजात जाऊ लागले. पोरं एकदम गुणी झाली होती, कोणी आवाज करेना. त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. फळ्यावर 'जास्त' आणि 'थोडे' समजावताना मी मध्येच पाठ फिरवून उगाच फळा पुसत राहायचे. गणित चुकलं नव्हतं. थोडे म्हणजे कोणीतरी असणारच होते, आणि तो त्यांच्यात निघाला. हे मला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

आईनं मात्र देवाला फूल वाहणं बंद केलं. पाषाणावर धूळ बसली. मला वाटलं, देवावर रुसली असेल. काही महिन्यांनी एका दुपारी तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबला.

"गो, पैलो कौल डावो इलो होतो."

मला आधी कळलंच नाही. मग ती सांगत गेली. पहिल्यांदा डावी पाकळी पडली होती. "माका वाटलां, नीट भिजली नाय. मगे मी परत लावलंय. देवान नको म्हटल्यान आणि मी त्येका परत इचारलंय. माझ्या झिलाक मीच धाडलंय."

इतके महिने ही बाई हे पोटात घेऊन फिरत होती, आणि मी तिला रुसलेली समजत होते.

पाकळी भिजते, सुकते आणि पडते. तिला फुप्फुसातलं काय कळणार? एवढं एक वाक्य बोलले असते तर तिचा अपराध तिथेच संपला असता. पण त्या वाक्यानं देवही गेला असता. आधी नवरा गेला, मग मुलगा, आणि आता देव मी माझ्या हातानं काढून घेणार? माझं धाडस झालं नाही. आयुष्यभर मुलांना ज्यासाठी फैलावर घेतलं, नेमकं तेच मी तिला सांगितलं.

"आई, पहिला कौल धरतच नाहीत. पाकळी नीट भिजली नसली तर तो सोडून द्यायचा. दुसरा तोच खरा."

"तुका कोणी सांगल्यान?"

"मी कॉलेजात हेच शिकवते."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. तिचा माझ्या शिक्षणावर फार विश्वास होता. चेहरा जरा सैल झाला, सुपातले दोन खडे तिनं बाजूला काढले. मला वाटलं, सुटली एकदाची.

मग ती हळूच म्हणाली, "पैलो सोडूक चलता, तर दुसरोय सोडूक चलता. मी अजून एकदा इचारूक होया होतां गो. तिसरो डावो इलो असतो तर तो आज घरात असतो."

तांदूळ तसेच राहिले. मी तिला जवळ घेतलं. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे आता काहीच उरलं नव्हतं, खरंही नाही आणि खोटंही नाही.