बायजाच्या नावाचे सोडे

मुरुडच्या कोळीवाड्यात बसून चिनी लोकांना इंग्रजी शिकवणारी बाई एकच, सोनल. नवरा बोटीवर, समोर लॅपटॉप आणि दाराशी सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, निवडत बसलेली सासू, बायजा. नेट गेलं की सोनल मोबाइल कंपनीचा उद्धार करायची, एरवी वर्ग सुरळीत चालायचा.

त्या आठवड्यात यूतिंग नावाच्या चिनी नर्सला ती ‘फरगेट’ हे क्रियापद शिकवत होती. एखादं काम करायचं विसरणं वेगळं आणि केलेलं काम विसरणं वेगळं. इंग्रजीत त्यासाठी वाक्य बदलतं. यूतिंगला दोन्ही सारखंच वाटे. उदाहरणं शोधायला सोनलला लांब जावं लागलं नाही. बायजा वाळत घातलेले बोंबील काढायला विसरली. बायजा आपण चहा प्यायलो हेच विसरली. यूतिंग खळखळून हसली आणि तिला फरकही कळला. सोनलही हसली. मग रोज नवं वाक्य आणि रोज बायजा.

बायजाला इंग्रजी कळत नव्हतं, पण स्वतःचं नाव कळत होतं. तिचा जन्म मासळीबाजारात गेलेला. तिथं गिऱ्हाईक नाव विचारत येतं ते चांगल्या कोळणीकडेच, आणि अशा गिऱ्हाइकाला वाट्यावर थोडं जास्त घालायची रीत. आपलं नाव चीनमध्ये निघतं, हे ती शेजारीपाजारी सांगत सुटली. एका दुपारी तिने निवडक सोड्यांची पुडी बांधून सोनलच्या हातात ठेवली आणि त्या पोरीला पाठव म्हणाली.

जिने कधी कुणाला खराब मासळी दिली नाही, तिला आपण परक्यांसमोर हसण्यावारी नेलं, याची सोनलला लाज वाटली. मासळी पोस्टाने जात नाही म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण ती सासूशेजारी बसली आणि त्या वाक्यांचा अर्थ, यूतिंगचं आणि स्वतःचं हसणं, सगळं सांगून टाकलं.

बायजाने निवडलेले सोडे बाजूला सारले.

“खोटं न्हाय सांगितलंस. इसरते मी,” ती म्हणाली. “पन हसायला नको व्हतं गं.”

सोनलने तिचे पाय धरले. बायजाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, जाऊ दे म्हणाली आणि पुडी डब्यात ठेवून दिली. त्या दिवशी सोनल पोटभर जेवली.

सकाळी ती लॅपटॉप उघडत होती, तेवढ्यात बायजा तीच पुडी घेऊन आली. चेहरा आनंदाने फुललेला. कालचं सांगणं तिच्या ध्यानात नव्हतं, आणि कालची माफीही.

“ही त्या चीनच्या पोरीला धाड,” ती म्हणाली. “माजं नाव घेते ना ती.”

सोनलने पुडी घेतली. मान काही तिला वर करता आली नाही.