यंत्र फोडायला निघालेल्या आम्ही

पोटाला चिमटा बसला की माणसं पेटतात, असं टीव्हीवर कुणी सांगू लागलं की मला हसू येतं. मी स्वतः पेटले होते, म्हणून सांगते.

जळगावच्या एका डाळ मिलमध्ये आम्ही वीस जणी डाळ निवडायचो. खडे, काळे दाणे, फुटकी डाळ बाजूला काढायची, एवढंच काम. एके दिवशी दाणे निवडणारं यंत्र आलं आणि उद्यापासून येऊ नका, असा निरोप मिळाला. वीस घरांच्या चुली त्या कामावर पेटत होत्या. आठवडाभर बाकीच्या रडत बसल्या. मला रडू येईना, नुसता संताप. मी घरोघर फिरून एकेकीला उठवलं. यंत्रच फोडलं तर निवडायला आम्हीच लागणार ना, असा माझा सरळ विचार होता.

निघालो तेव्हा काय जोर होता अंगात! कुणाकडे मुसळ, कुणाकडे धुणं बडवायचं धोपाटणं. मी पदर खोचून, पहार घेऊन सगळ्यांत पुढे, घसा फुटेस्तोवर घोषणा देत. रिक्षावाले थांबून बघत होते. आपल्याला कुणी घाबरतंय, हे जन्मात पहिल्यांदा कळलं आणि मला ते फार आवडलं. फाटकावरचा वॉचमन तर न बोलताच बाजूला झाला.

आत यंत्र घरघरत होतं. त्यातून पडणाऱ्या तूरडाळीची खाली रास झाली होती. मी पहार उगारली. तेवढ्यात आमच्यातल्या सर्वांत थोरल्या अक्का वाकल्या आणि त्यांनी मूठभर डाळ तळहातावर पसरली.

"हाई साफ शे? यान्हामा तं खडा शेतस," त्या अहिराणीत म्हणाल्या. यंत्रातून निघालेल्या डाळीत अजून खडे होते.

दुसरी वाकली. तिसरी तर बसलीच. बघता बघता एकोणीस जणी राशीभोवती बसल्या आणि बोटं भराभर चालू लागली. मी फोडा, फोडा म्हणून ओरडत होते, आणि माझ्याही मुठीत चार काळे दाणे जमले होते.

मॅनेजर धावत आला. पोलिसांना लावायला काढलेला फोन त्याने खिशात ठेवला आणि आम्ही काढलेले खडे निरखून पाहिले.

"शेवटची नजर टाकायला दोघी लागतील," तो म्हणाला. "फक्त दोघी. कोण येतंय?"

 सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. बाकीच्या अठरा जणींचं काय, हे मीच विचारीन असं त्यांना वाटत होतं.

मी पहार खाली ठेवली आणि हात वर केला.