मेरीअम्माच्या केकची बेगमी

प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या बाया आता चार गावी पांगल्या. पण कोणत्याही दोघी भेटल्या की मेरीअम्माचा विषय निघतोच, आणि एक किस्सा सांगून कधी भागत नाही.

मेरीअम्मा आमची शेजारीण, केरळची. नवरा थॉमस त्या पोलादाच्या प्लांटात वेल्डर. प्लांट तेव्हा उभा राहत होता, बाजार धड नव्हता. म्हणून नाताळच्या केकची बेगमी ती दिवाळीपासूनच करायची.

*

साखर रेशनची. केकसाठी साठवायची म्हणून दोघं नवरा-बायको फिका चहा प्यायचे. एकदा तो चहा मी चाखला आणि लाइनीत सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून एकेक बाई वाटीभर साखर घेऊन तिच्या दारात!

आठवड्यानं मेरीअम्मा आमच्याकडे आली. म्हणाली, "अब बस. घरात मुंग्या राहते. आम्ही कुठं राहायचं?"

*

मनुका रममध्ये भिजत घालायच्या. तिची पोरं लहान, म्हणून बरणी आमच्या फळीवर ठेवली. माझ्या सासूबाई भंडाऱ्याकडच्या, कडक. दारूचं नाव काढलं असतं तर बरणी अंगणात गेली असती. म्हणून मी सांगितलं, औषध आहे.

महिन्यानं मेरीअम्मानं झाकण उघडलं तर बरणी अर्धी रिकामी. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "कावून पाहून राहिल्या? माह्या गुडघ्याले लय आराम पडला."

पुढच्या वर्षी मेरीअम्मानं दोन बरण्या भरल्या.

*

अंडी बसनं जाऊन कुम्हारी गावाहून आणायची. थॉमस आणि आमचे हे, असे दोघं गेले. परतीच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही. थॉमसनं टोपली डोक्यावर धरली, यांनी थॉमसला धरलं. कंडक्टर तिकीट फाडायला आला, टोपलीत डोकावला, कशासाठी ते विचारलं आणि ड्रायव्हरला हाक दिली, "धीरे चला भाई, केक जा रहा है."

एकही अंडं फुटलं नाही.

*

एका वर्षी नाताळच्या चार दिवस आधी कामावर थॉमसच्या डोळ्यांना इजा झाली. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. पट्टी निघेपर्यंत काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मेरीअम्मा दवाखान्यात बसून, पोरं आमच्याकडे. तिच्या घरात मैदा, साखर, लोणी, मनुका सगळं भरलेलं.

आम्ही बायांनी ठरवलं, केक आपण करायचा. आमच्यातल्या एकीनंही कधी केला नव्हता. पातेल्यात रेती तापवली, त्यात डबा ठेवला, वर निखारे. केक काळा झाला, मधोमध बसला आणि एका बाजूनं फाटला.

तरी नाताळच्या सकाळी तोच दवाखान्यात घेऊन गेलो. थॉमसनं दोन तुकडे खाल्ले, तिसरा मागितला. मेरीअम्मा खिडकीकडे तोंड करून रडत होती. उरलेला तुकडा तिनं डब्यात जपून ठेवला.

पट्टी निघाली त्या दिवशी आम्ही सगळ्या वॉर्डाबाहेर उभ्या होतो. नर्सनं आत बोलावलं. थॉमसनं एकेकीकडे पाहिलं, नावानं हाक मारली. मग त्यानं केक पाहायला मागितला. मेरीअम्मानं डबा उघडून पुढं धरला.

त्यानं तो तुकडा बराच वेळ पाहिला.

"बरं झालं," तो म्हणाला, "खाताना पट्टी होती."