सोळा मिलिमीटरचा पिस्टन

निवृत्तीनंतर मी वाफेच्या इंजिनाची छोटी प्रतिकृती करायला घेतली, तेव्हा वाटलं होतं, सहा महिन्यांचं काम. चौथं वर्ष चालू झालं तरी तयार भाग बिस्किटाच्या एका डब्यात मावत होते.

कानशीने होण्यासारखं मी घरी करायचो. गोल असेल ते भाऊंकडे. आदिलाबादला आमच्या मागच्या रस्त्यावर त्यांचा लेथ आहे. भाऊ सत्तरीचे, जन्मभर कापसाच्या जिनिंग मशीनचे आणि ट्रॅक्टरचे बुश कातलेले. माझा मिलिमीटरमधला कागद ते आदराने बाजूला ठेवत आणि सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, मोजत. पहिला पिस्टन सिलिंडरमध्ये टाकला तर खडखड वाजला.

"भाऊ, ढिला झाला."

"मशीनले थोडी ढील ठेवाच लागते, मास्तर. कापसाचा कचरा अडकते."

"यात कापूस कुठून येणार?"

"आपल्या गावात कापूस कुटंबी येते."

चौथा पिस्टन जमला. घासायची पेस्ट लावून आठवडाभर तो सिलिंडरमध्ये फिरवत बसलो. बोटांची कातडी गेली. शेवटी तो स्वतःच्या वजनाने सावकाश उतरू लागला आणि सिलिंडरचं खालचं तोंड बोटाने दाबलं की हवा अडून मध्येच थांबू लागला. भाऊंनी ते चार वेळा करून पाहिलं.

"सारी उमर दुसऱ्याच्या मशीनचे तुकडे केले," ते म्हणाले. "माह्या हातचं एक तरी अख्खं चालताना पाहू द्या."

तेव्हाच इंजिन जोडून तिथे चालवायला हवं होतं. पण मी जिथे तीस वर्षं विज्ञान शिकवलं त्या शाळेत नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन होतं आणि मुख्याध्यापकांना टेबलावर काहीतरी फिरणारं हवं होतं. मी हो म्हणालो. भाऊ दुकान बंद करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मागच्या रांगेत बसले.

पाहुणे साहेब अडीच तास उशिरा आले. फलकावर त्यांचा चेहरा इंजिनाच्या पन्नासपट होता. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणून नळी जोडून ठेवली होती. वाफेऐवजी हवेवर चालवायचं ठरलं होतं. तेवढ्यात हळदकुंकवाचं ताट आलं. नवं यंत्र, म्हणजे आधी पूजा. साहेबांनी अंगठा कुंकवात बुडवला आणि सिलिंडरच्या डोक्यावर, नेमका तेलाच्या भोकावर, दाबला.

"साहेब, भोक! तेलाचं भोक हाय ते!" भाऊ मागून ओरडले. टाळ्यांमध्ये कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं. बाजारातल्या कुंकवात दगडाची भुकटी असते, हे मी याच शाळेत पाण्यात ढवळून दाखवत असे. पण अडीच तास खुर्चीत बसून कंबर गेली होती आणि वाद घालण्याची ताकद नव्हती. मी हवा सोडली.

इंजिन सात-आठ फेरे फिरलं, किरकिरलं आणि अडकलं. तेवढंच ते करत असावं असं समजून साहेबांनी तेलुगूत "चाला बागुंदी" म्हटलं, फार छान, आणि फोटो काढून ते जेवायला गेले. भाऊ तोवर निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो. भाऊंनी सिलिंडर उजेडाकडे धरला. आत पितळेवर उभे ओरखडे होते, लाल.

"तुमी काऊन गप बसले?" त्यांनी विचारलं. "मी इतकं बोंबलून राह्यलो."

थकलो होतो, असं म्हणालो. ते खरंही होतं.

"मी नाई थकलो का?" म्हणत त्यांनी सिलिंडर लेथवर चढवला.

आतून पाव सूत मोठं करावं लागलं. त्यामुळे पिस्टन नवा. पुन्हा पेस्ट, पुन्हा तीच बोटं. तीन आठवडे गेले. मग एका दुपारी पंक्चरवाल्याची नळी भाऊंच्या दुकानापर्यंत ओढली आणि इंजिन फिरलं. थांबलं नाही. फ्लायव्हीलचे आरे दिसेनासे झाले.

भाऊ मान वाकडी करून, कान जवळ नेऊन बसले होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. चार वर्षांचं काहीतरी तिथे दिसेल अशी अपेक्षा होती. मिनिटभराने त्यांनी हवा बंद केली.

"पिस्टनची पिन वाजून राह्यली," ते म्हणाले. "मशीन अशी नाई नेऊ देत तुमाले."

आणि पाना उचलून त्यांनी इंजिन पुन्हा खोलायला घेतलं.